झाकणाआडचा बेल्ट

मुंबईच्या उपनगरांत आज धावणाऱ्या स्कूटर मानेसरहून येतात, होसूरहून येतात, नाहीतर गुजरातेतल्या विठलापूरहून. एके काळी मात्र त्या भांडुपला तयार व्हायच्या. ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘एपीआय’, १९४९ साली स्थापन झाली. मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्या उद्योगसमूहाची ही कंपनी. इटलीतल्या मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा तिने इथे जुळवायला घेतली आणि पुढे बनवायलाही. भांडुपवरून जाणाऱ्या आग्रा रोडच्या आसपास, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. भांडुपलाच १९५८ पासून सिएटचे टायर निघत होते. मोटार, स्कूटर आणि त्यांचे टायर अशा तिन्ही गोष्टी कुर्ला ते भांडुपच्या पट्ट्यात बनत होत्या. अशा वस्तीत स्कूटर बिघडली तर ती उघडायला कुणाचा हात कचरत नसे, यात नवल ते काय?

त्याला आणखी एक कारण होतं, आणि ते जास्त जबर होतं. स्कूटर मिळतच नसे. बजाजला व्हेस्पा बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला आणि पुढच्याच वर्षी स्कूटरचं वाटप व विक्री यांवर सरकारी नियंत्रणाचा आदेश आला. पैसे भरा, नाव नोंदवा आणि वाट बघा. ही वाट काही महिन्यांची नव्हती, वर्षानुवर्षांची होती. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली गाडी तो नोकरीला लागल्यावर दारात यावी, असा मामला. इतक्या नवसाने आलेली वस्तू कुणी चार-पाच वर्षांत विकून टाकत नाही. ती वीस वर्षं वापरायची, तर तिची नाडी आपल्यालाच कळली पाहिजे, हे मुलुंडच्या बँकेतल्या कारकुनालाही उमगलं होतं आणि घाटकोपरच्या दुकानदारालाही.

त्या स्कूटरची रचनाही मालकाच्या सोयीची होती. बजाज १५० घ्या किंवा १९७२ साली आलेली चेतक घ्या, इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला आणि त्याची ताकद गिअरमधून थेट चाकाला. मध्ये ना साखळी, ना पट्टा. बिघडायचं ते बहुधा बाहेरच्या बाहेर. क्लचची केबल तुटे, गिअरची केबल सैल होई, प्लगवर काजळी धरे. डिकीत प्लग-पाना, जुना पण चालू प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक-दोन केबली ठेवल्या की माणूस निर्धास्त. पंक्चर झालं तर स्टेपनी होतीच. चार-पाच नट काढायचे, चाक बदलायचं आणि पुढे निघायचं. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर ती डावीकडे तिरकी करून मग किक मारायची, हा विधी त्या काळात ज्याने केला नाही असा स्कूटरवाला उपनगरात सापडणं कठीण. लॅम्ब्रेटाची तऱ्हा वेगळी. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांत शाफ्ट होता, नंतरच्या एलआय मालिकेत बंद पेटीतली साखळी आली. तरी बाजूचे पत्रे काढले की इंजिन दोन्हीकडून समोर उघडं.

उपनगराला मेकॅनिकही भरपूर मिळाले. त्याचं श्रेय रिक्षाला द्यायला हवं. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरांत चालते. पश्चिमेला वांद्रे आणि मध्य रेल्वेच्या बाजूला सायन ओलांडून दक्षिणेकडे जायला तिला आजही मनाई आहे. तिचं इंजिन स्कूटरच्याच घराण्यातलं. अंधेरी, कुर्ला, जोगेश्वरीत रिक्षा दुरुस्त करणारा मिस्त्री स्कूटरही तितक्याच सहज खोले. टपरीएवढी जागा, लाकडी पेटीत पाने, हाताखाली एक पोऱ्या आणि भिंतीवर टांगलेल्या गॅस्केटांची माळ एवढ्यावर गॅरेज उभं राही. मुलुंडच्या आयटीआयसारख्या सरकारी संस्थांतून शिकून बाहेर पडलेले होतेच. पण या धंद्याचं खरं विद्यापीठ फुटपाथवर होतं, आणि तिथे फी म्हणून पहिली दोन वर्षं पाने पुसावे लागत.

या सगळ्या जगात बेल्ट नावाची वस्तू स्कूटरमध्ये नव्हती. बाकी सगळीकडे मात्र होती. गिरणगावातल्या कापड गिरण्यांमध्ये छताजवळून लांबच लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली मागांवर उतरत. साकीनाक्याच्या लहान वर्कशॉपांतले लेथ पट्ट्यांवर चालत. कापड गिरणी पाहिली नाही अशी मुलं होती, पण पिठाची गिरणी प्रत्येकाने पाहिलेली. बोरिवलीच्या गल्लीतही डबा घेऊन रांगेत उभं राहिलं की तो लांब चपटा पट्टा फटफटत फिरताना समोर दिसे. तो घसरू लागला की गिरणीवाला त्यावर काळसर मेण फिरवी. पट्टा का घसरतो, ताण म्हणजे काय, दोन चाकं लहान-मोठी असली की वेग कसा बदलतो, हे सगळं शास्त्र दळणाच्या रांगेत फुकट शिकायला मिळत होतं.

मोटारसायकलच्या इतिहासात तर पट्टा साखळीच्या बरोबरीने वावरला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कितीतरी गाड्यांचं मागचं चाक पट्ट्यानेच फिरे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने हजारोंनी वापरलेली ट्रायम्फची ‘मॉडेल एच’ पट्ट्यावरच चालणारी. पावसात तो घसरे, ताणला जाऊन सैल पडे आणि तुटेही. पण तुटला तरी फारसं बिघडत नसे. स्वार खिशातला आकडा काढी, पट्ट्याचं टोक कापून तो आखूड करी, आकडा अडकवी आणि पुढे जाई. म्हणजे दुचाकीचा पहिला पट्टा रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करण्याजोगा होता. आजचा तसा नाही, आणि ही उलटी वाट कशी झाली तेच खरं पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबराचा व्ही-बेल्ट तयार केला. वरून रुंद, खाली निमुळता असा हा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा घट्ट बसतो. जितका ताण तितकी पकड. १९५८ साली हॉलंडमध्ये हुब व्हान डोर्न यांनी त्याच्याकडून दुसरंच काम करून घेतलं. त्यांच्या डाफ मोटारीत पुलीचे दोन भाग जवळ येत किंवा लांब जात, त्यामुळे बेल्ट खाचेत वर चढे किंवा खाली उतरे आणि गिअर आपोआप बदले. गिअरचा दांडा नाही, क्लचचा पायडल नाही. भारतात साठच्या दशकात आलेल्या ‘सुवेगा’ मोपेडच्या इंजिनालाही रबरी पट्टा होता. मूळ फ्रेंच मोबिलेटचीच ती रचना. पण सुवेगाचा पट्टा उघडा, हाताला लागणारा. त्याने कुणाची झोप उडवली नाही.

झोप उडवली ती कायनेटिक होंडाने. लुना काढणाऱ्या पुण्याच्या फिरोदियांनी १९८४ साली जपानच्या होंडाबरोबर कंपनी काढली आणि इंदूरजवळच्या पीथमपूरमधून ९८ सीसीची ही स्कूटर बाहेर पडली. बटण दाबलं की सुरू, ॲक्सिलरेटर पिळला की चालू. क्लच नाही, गिअर नाही. ज्या शहरात सिग्नलगणिक डावा हात क्लचवर पिळवटून निघतो, तिथे याचं मोल काय हे सांगायला नको. स्कूटर शिकायला मैदानात महिनाभर घिरट्या घालाव्या लागत, त्या थांबल्या. ज्यांच्या हाती घरातली स्कूटर क्वचितच दिली जाई, त्या बायकांना आणि मुलींना ती चालवण्यासाठी कुणाची उस्तादी पत्करावी लागेना. बेल्टने उपनगराला दिलेली ही देणगी मोठी, आणि तिच्यापुढे बाकी तक्रारी किरकोळ आहेत.

तक्रार मात्र होती. डाव्या बाजूला इंजिनापासून चाकापर्यंत एक लांबुळकं झाकण आलं आणि गाडीचा अर्धा कारभार त्याच्या आड गेला. आत पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, छोटे रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन पुलीची एक बाजू दुसरीकडे ढकलतात. बेल्ट वर चढतो. मागची पुली तेवढीच उघडते आणि तिथला बेल्ट खोल जातो. तिच्याच शाफ्टवर क्लच. फिरण्याच्या जोराने त्याचे शू बाहेर येतात आणि क्लच बेलला धरतात. सगळं कोरडं, तेलाविना, स्वतःच्याच काळ्या भुकटीत चाललेलं. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. ना घसरणारा पट्टा, ना सैल पडलेली साखळी.

जुन्या मेकॅनिकांपुढेही हे कोडं होतंच. केबल आणि प्लगवर ज्यांचा हात बसलेला, त्यांना झाकण उघडल्यावर मधला नट सोडवायला पुली धरून ठेवणारं खास हत्यार लागे. ते नसलं की स्क्रू-ड्रायव्हर घालून पुली अडवायची, आणि मग तिच्या पंखाची पाती तुटायची. कालांतराने हवेवर चालणारी गन आली आणि तो नट दोन सेकंदांत सुटू लागला. पण गन म्हणजे कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसर म्हणजे वीज आणि जागा. गॅरेज मोठं झालं आणि घरचं काम बाहेर गेलं.

१९९८ साली होंडा कायनेटिकपासून वेगळी झाली. पुढच्याच वर्षी तिने भारतात स्वतःची कंपनी काढली आणि २००१ साली ॲक्टिव्हा आणली. त्या वेळी स्कूटरचे दिवस सरले असं धरूनच चाललं होतं. सगळ्यांना शंभर सीसीची, भरपूर ॲव्हरेज देणारी मोटारसायकल हवी होती. ॲक्टिव्हाने तो हिशेब उलटा केला. २००९ साली बजाजनेच स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं, तेव्हा गिअरच्या स्कूटरचं पर्व संपल्यासारखंच होतं. एमएच-०२ अंधेरीची, एमएच-०३ पूर्व उपनगरांची, एमएच-४७ बोरिवलीची. या पाट्या लावून आज स्टेशनबाहेर दाटीवाटीने उभ्या असलेल्या स्कूटरपैकी कुठलीही उचला, इलेक्ट्रिक सोडली तर तिच्या डाव्या झाकणाआड रबराचा बेल्ट असणारच.

उपनगरं या बेल्टचे हालही करतात. वीस ते पंचवीस हजार किलोमीटर त्याने चालावं अशी साधारण अपेक्षा. पण एस. व्ही. रोडवर संध्याकाळी सात वाजता चालणारे किलोमीटर आणि मोकळ्या महामार्गावरचे किलोमीटर सारखे नव्हेत. दहा फूट पुढे, थांबा, पुन्हा दहा फूट. प्रत्येक वेळी क्लच घासतो, उष्णता वाढते, झाकणाआडची हवा तापते आणि रबर कडक होत जातं. मग एक दिवस आरे कॉलनीचा चढ येतो. मागे माणूस बसलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र रांगतेय. ‘पिकअप गेला’ म्हणतात तो हाच. बेल्ट झिजून अरुंद झाला की पुलीत वरपर्यंत चढूच शकत नाही. कडांना भेगा गेल्या की कधीतरी फट् आवाज होऊन तुटतो आणि त्याचे धागे क्लचभोवती गुंडाळून बसतात.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी कुर्ला-कलिनात शिरली, गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. पाणी इंजिनात गेल्याची चर्चा सगळ्यांनी केली. पण गिअरलेस स्कूटरच्या झाकणातही ते साचतं हे पुष्कळांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. आतला बेल्ट थंड राहावा म्हणून झाकणाला हवेची वाट ठेवलेली असते आणि पाणी तिथूनच येतं. ओल्या पुलीवर बेल्ट घसरतो. गाडी सुरू होते, पण हलत नाही. झाकण उघडून पाणी काढलं, पुसून कोरडं केलं की बेल्ट बहुधा वाचतो. तसंच राहू दिलं की बेअरिंग गंजतात आणि काम वाढतं. अंधेरीचा सबवे अजूनही दर पावसाळ्यात भरतो आणि हा धडा दरवर्षी नव्या लोकांना मिळतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र काही लोक हे झाकण पुन्हा स्वतः उघडू लागले आहेत. मोबाइलवर व्हिडिओ आहेत, हत्यारं घरपोच मिळतात आणि बेल्ट काही शे रुपयांचा असताना बिलात मजुरी त्याच्या बरोबरीने लागलेली पाहिली की हात शिवशिवतात. अडचण जागेची. चाळीच्या अंगणात स्कूटर खोलून बसलेल्याभोवती सल्लागार जमत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलं तर सेक्रेटरी येतो. तेलाचा डाग पडला की नोटीस लागते. बेल्टच्या कामात तेल सांडत नाही, हे त्याला पटवण्यात अर्धा रविवार जातो.

काम मात्र रोचक आहे. गाडी मेन स्टँडवर, इंजिन पूर्ण थंड. किकचा दांडा असेल तर तो आणि हवेचा पाइप काढायचा, मग झाकणाचे आठच्या पान्याचे बोल्ट. ते सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्याचा त्याला तिथेच टोचून ठेवावा. ही युक्ती फुटपाथच्या विद्यापीठातली आहे. झाकण निघालं की काळी भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकू नये, ओलसर फडक्याने टिपावी. पुढची पुली धरून नट सोडवायचा, बाहेरची बाजू काढायची आणि बेल्ट ओढून घ्यायचा. जुना आणि नवा शेजारी धरले की फरक डोळ्यांना दिसतो. व्हर्नियर लावला तर एक-दीड मिलिमीटरही भरतो. रोलर हातात घेऊन बघावेत. एका बाजूने चपटे झाले असतील तर नुसता बेल्ट बदलून गाडी गुळगुळीत चालणार नाही. पुलीच्या तोंडावर तेल, ग्रीस, डब्ल्यूडी काहीही लागता कामा नये.

घरी काम करणारा फसतो ते बसवताना. मागच्या पुलीचे दोन भाग जोर लावून फाकवायचे आणि बेल्ट तिच्यात खोल दाबायचा, म्हणजे पुढच्या बाजूला त्याला ढील मिळते. ही ढील दिली नाही, तर पुढच्या पुलीचे दोन भाग बेल्टलाच चिमटीत धरतात. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पान्याला जोर जाणवतो, पण खरं तर तो धातूवर बसलेलाच नसतो. गाडी चालू लागली की बेल्ट वर चढतो, नट सैल पडतो आणि शाफ्टचे आटे खराब होतात. म्हणून नट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळायचा आणि बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवायचा. त्यानंतर झाकण लावण्याआधी पुली हाताने फिरवून बघायची. या एका तपासणीला मिनिटभरही लागत नाही. घाईतला गॅरेजवालाही ती टाळतो.

वस्तू आणायची कुठून, याचा शहाणपणा अजून जुनाच आहे. नागदेवी स्ट्रीटला गिरण्या आणि यंत्रांचे पट्टे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गाड्यांचे सुटे भाग, आणि आपल्या गल्लीतल्या दुकानात ‘कंपनीचा देऊ की लोकल?’ हा प्रश्न. पट्टे बनवण्यात महाराष्ट्र मागे नाही; नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत ‘पिक्स’ कंपनी कित्येक दशकं हाच धंदा करते आहे. स्कूटरसाठी मात्र गाडीच्या मॉडेलचा भाग-क्रमांक जुळवूनच बेल्ट घ्यावा. लांबी सारखी दिसली तरी रुंदीत आणि दात्यांत फरक असतो.

मोटारसायकलचा बेल्ट ही आणखी निराळी जात. हार्ले-डेव्हिडसनने १९८० पासून साखळीऐवजी दातेरी पट्टा आणायला सुरुवात केली आणि २०१० साली ती भारतात आली, तेव्हा मुंबईकरांना तो पाहायला मिळाला. पट्टा मजबूत, आवाज नाही, तेल नाही. पण साखळीला लॉक असतं, ते काढलं की साखळी उघडते. पट्टा अखंड असतो. तो बदलायचा तर बहुतेक मॉडेलांत मागचं चाक आणि स्विंगआर्मसुद्धा सोडवावा लागतो. असं काम रविवारच्या दुपारी पार्किंगमध्ये करू नये, इतपत विवेक बाळगलेला बरा.

इलेक्ट्रिक स्कूटर आल्या तेव्हा बेल्ट गेला असं पुष्कळांना वाटलं. तो गेला नाही. एथरच्या गाड्यांत मोटरची ताकद चाकापर्यंत दातेरी बेल्टच पोचवतो; ओलाने सुरुवातीला बेल्ट दिला आणि २०२५ च्या तिसऱ्या पिढीत ती साखळीकडे वळली. चेतक २०२० साली विजेवर परतली, तिच्यात मात्र मोटर गिअरमधून चाक फिरवते, जुन्या घराण्याला शोभेलशी. कोणता मार्ग टिकाऊ, हे उपनगराचे खड्डे आणि पाणी ठरवतील.

पेट्रोलच्या स्कूटरवाल्यांनी मात्र मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा ते डावं झाकण उघडून घ्यावं. स्वतः उघडा किंवा गल्लीतल्या मेकॅनिककडून उघडून घ्या, पण त्याच्या शेजारी उभं राहून बेल्टच्या कडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वीस हजार किलोमीटर उलटून गेले असतील आणि भेगा दिसत असतील, तर पहिल्या पावसाची वाट न बघता तो बदला, आणि काढलेला जुना बेल्ट डिकीत टाकून न ठेवता तिथेच कापून फेका. नाहीतर अडीअडचणीला तोच पुन्हा बसवायचा मोह होतो.